रोगप्रतिकारावर काम करायचंय? आधी रोग आणायला शिका

वनस्पतींच्या रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन करायचं म्हणून आमच्याकडे मुलंमुली येतात. त्यांना मी पहिला प्रश्न जनुकांचा विचारत नाही. "तुला रोग आणता येतो का?" एवढंच विचारते. बरेच जण गोंधळतात. रोग घालवायला आलोय, मग आणायचा कशाला? पण या क्षेत्रातलं सगळं काम याच एका कसबावर उभं आहे. शेतात शंभर ओळी (म्हणजे पिकाचे वेगवेगळे वंश) पेरल्या आणि त्यातल्या नव्वद हिरव्यागार राहिल्या, तर त्या खरोखर रोगाला तोंड देणाऱ्या आहेत की त्या साली रोग त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही? दोन्ही पानं डोळ्यांना सारखीच दिसतात. रोग मुद्दाम, सगळ्यांवर सारखा आणि खात्रीने आणला असेल, तरच त्या हिरव्या पानावर विश्वास ठेवता येतो.

मी गव्हाच्या तांबेऱ्यावर, म्हणजे पानांवर आणि खोडावर पुळ्या आणणाऱ्या बुरशीच्या रोगावर काम करते. मूळची खटाव तालुक्यातली. पदवी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात, एम.एस्सी. राहुरीला आणि पीएच.डी. दिल्लीत. त्यामुळे पुढची बहुतेक उदाहरणं तांबेऱ्याची आहेत. तुमचं पीक भात, तूर किंवा डाळिंब असलं तरी वाट फारशी बदलत नाही.

पहिला हंगाम हरितगृहात

सुरुवात 'आग्रा लोकल'पासून करा. हा गहू जवळजवळ प्रत्येक तांबेऱ्याला बळी पडतो, म्हणूनच देशभरातले तांबेऱ्यावर काम करणारे लोक तो चेक, म्हणजे तुलनेसाठीचा वाण, म्हणून वापरतात. लहान कुंडीत दहा-बारा दाणे टाका. सात-आठ दिवसांत पहिलं पान पुरतं उघडतं, लागण तेव्हाच करायची. गव्हाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो आणि त्यावर पाणी ठरत नाही. म्हणून बोटं ओली करून पान खालून वर हलकेच पुसून घ्यायचं. पान मोडता कामा नये, पण पाण्याचा थर त्यावर बसला पाहिजे, एवढाच दाब. हे वाचून येत नाही. आमच्या हरितगृहात एक मामा आहेत, त्यांनी लागण केलेल्या कुंड्यांत पुळ्या जितक्या सारख्या उठतात तितक्या कुणाच्याच उठत नाहीत. नवी मुलं त्यांच्या बोटांकडे बघून शिकतात. तुमच्या प्रयोगशाळेतही असं कुणीतरी असेल. पहिला महिना त्यांच्याशेजारी उभं राहून काम करा, आणि प्रबंध झाला की त्याची एक प्रत त्यांना नेऊन द्या.

मग बुरशीचे ताजे बीजाणू, म्हणजे तिचं बियाणंच. तांबेऱ्याची लालसर पूड पाण्यात नीट मिसळत नाही, म्हणून पाण्यात ट्वीन २० या साबणासारख्या द्रव्याचा थेंब टाकतात किंवा हलक्या खनिज तेलातून फवारतात. तेल वापरलं तर ते आधी उडून जाऊ द्या. मग कुंड्या रात्रभर दमट पेटीत ठेवायच्या. पानावर दवासारखा पाण्याचा थर बारा ते सोळा तास टिकला पाहिजे, आणि तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास हवं. पानावरच्या नारिंगी तांबेऱ्याला अंधार चालतो. खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याला मात्र पानात शिरण्यासाठी उजेड लागतो, त्यामुळे सकाळी दिवे लावून, पान हळूहळू वाळू देत कुंड्या बाहेर काढायच्या. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे काळ्या तांबेऱ्याचे कितीतरी प्रयोग फसतात, आणि दोष बियाण्याला दिला जातो.

पाचव्या-सहाव्या दिवशी फिकट ठिपके, आठव्या-दहाव्या दिवशी पुळ्या, आणि बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान स्कोअर, म्हणजे रोपाने रोगाला कसं तोंड दिलं त्याचा आकडा. स्कोअर घ्यायला बसलात की आधी चेक बघा. आग्रा लोकलवर भरघोस पुळ्या आल्या नसतील तर बाकीच्या कुंड्यांकडे बघूसुद्धा नका. प्रयोग पुन्हा लावा. गाईड घाई करत असतील, परिषद जवळ आली असेल, तरीही.

बुरशी जिवंत ठेवणं

तांबेऱ्याची बुरशी जिवंत पानावरच वाढते, बटाट्याच्या माध्यमावर बशीत वाढवून ठेवता येत नाही. त्यामुळे घरातलं विरजण जसं एका भांड्यातून दुसऱ्यात लावत लावत टिकवतात, तशी ती एका रोपावरून दुसऱ्या रोपावर नेत टिकवावी लागते. आणि प्रत्येक रेस, म्हणजे बुरशीचा उपप्रकार, वेगळी. आपल्याकडे पानाच्या तांबेऱ्याची ७७-५, खोडाच्या तांबेऱ्याची ४० ए अशी त्यांची नावं आहेत. दोन रेस शेजारी ठेवल्या आणि एकीचे बीजाणू दुसरीच्या कुंडीत उडाले, तर त्यानंतरचा प्रत्येक निष्कर्ष संशयास्पद ठरतो.

म्हणून काही सवयी पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. एका दिवशी एकच रेस हाताळायची. रेस बदलताना हात, सुया, फवारणी यंत्र अल्कोहोलने पुसायचं आणि ॲप्रन बदलायचा. ठरावीक काळाने एकाच पुळीतले बीजाणू घेऊन नवी वाढ करायची आणि ती डिफरन्शियल वाणांच्या संचावर तपासायची. या संचातल्या प्रत्येक वाणात प्रतिकाराचं वेगळं जनुक असतं, त्यामुळे कोणत्या वाणावर पुळी आली आणि कोणत्यावर नाही यावरून रेसची ओळख पटते. उरलेले बीजाणू सिलिका जेलवर वाळवून उणे ८० अंशांवर किंवा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर ते लगेच उगवत नाहीत. सीलबंद नळी काही मिनिटं ४२ अंशांच्या आसपासच्या पाण्यात धरली की जागे होतात.

सिमल्याचं फ्लॉवरडेल केंद्र हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलं आहे. महाबळेश्वरला राहुरीच्या विद्यापीठाचं गहू तांबेरा संशोधन केंद्र आहे. संधी मिळाली तर दोन्हीकडे जा आणि तिथली वही बघा, कुठली रेस कधी, कुठून आणि कोणत्या वाणावरून आणली त्याची. या क्षेत्रातली खरी संपत्ती त्या वह्यांत आणि त्या नळ्यांत आहे असं मी मानते.

पान वाचायचं कसं

दहापट मोठं दाखवणारं भिंग गळ्यात अडकवा. रोपावरचा स्कोअर ० ते ४ असा असतो. ० म्हणजे काहीच चिन्ह नाही. त्यानंतर ज्याला आम्ही फ्लेक म्हणतो आणि अर्धविरामाच्या चिन्हाने लिहितो, तो बारीक मेलेला ठिपका. बुरशी जिथे शिरली तिथल्या आपल्याच पेशी झाडाने मारून टाकल्या आणि तिचा दाणापाणी तोडला, असा त्याचा अर्थ. १ म्हणजे मेलेल्या भागाने वेढलेली इवली पुळी. २ मध्ये पुळी थोडी मोठी, भोवती पिवळं किंवा वाळलेलं कडं. ३ मध्ये मध्यम पुळी आणि नुसता फिकटपणा. ४ म्हणजे फुटलेली मोठी पुळी, भोवतालचं पान हिरवंच. ० ते २ प्रतिकारक, ३ आणि ४ बळी. २ आणि ३ मधली सीमा हाच खरा अभ्यास आहे. आठवडाभर एका अनुभवी माणसाबरोबर तीच पानं वेगवेगळी वाचा, आकडे लिहा, मग जुळवून बघा. तुमचे आकडे त्यांच्याशी जुळायला लागले की मगच स्वतंत्र स्कोअर घ्या.

शेतात रीत बदलते. तिथे पानाचा किती टक्के भाग पुळ्यांनी भरला आणि झाडाचा प्रतिसाद कसा, हे दोन्ही एकत्र लिहायचं असतं. '४० एमएस', '८० एस' असे स्कोअर याच पद्धतीचे (एमएस म्हणजे मध्यम बळी, एस म्हणजे पुरता बळी). एकदा स्कोअर घेऊन भागत नाही. दर आठवड्याला घ्या, कारण काही वाणांवर रोग येतो पण इतका हळू चढतो की दाणा भरून होईपर्यंत फारसं नुकसान होत नाही. एकाच दिवशी बघणाऱ्याला हा गुण दिसतच नाही, आणि माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोलाचा आहे. एलआर ३४ हे असंच जनुक. त्याचा परिणाम मोठ्या झाडावर दिसतो आणि ते असलेल्या वाणांत पानांची टोकं वाळतात. २००९ मध्ये ते वेगळं काढलं गेलं तेव्हा कळलं की ते रोगाला ओळखणारं नेहमीचं जनुकच नाही, पेशीतून पदार्थ वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक आहे. त्याआधी अनेक दशकं पैदासकार त्या वाळलेल्या टोकांवरूनच ते निवडत होते. डोळ्यांनी केलेलं काम किती पुढे असू शकतं, ते यातून दिसतं.

तापमानाची नोंद स्कोअरइतकीच महत्त्वाची. एसआर ६ हे जनुक २० अंशांच्या आसपास उत्तम काम करतं, पण पारा २५ च्या वर गेला की त्याचा प्रभाव उरत नाही. तेच रोप, तीच रेस, निकाल उलटा. हरितगृहात तापमान नोंदवणारं साधं यंत्र नसेल तर पहिल्या शिष्यवृत्तीतून घ्या.

शेतात मधल्या ओळी चेकच्या पेरा, म्हणजे तिथून रोग दोन्ही बाजूंना पसरेल. फवारणी सूर्य मावळताना करा आणि त्याआधी पाणी द्या, रात्रभर दव राहील. तूर-हरभऱ्याच्या मर रोगासाठी वेगळं मरग्रस्त शेत राखावं लागतं, रोगट झाडांचे अवशेष वर्षानुवर्षं त्याच मातीत मिसळून तयार केलेलं. भातावरचा जिवाणूजन्य करपा नवख्यांसाठी सगळ्यात सोपा. कात्री जिवाणूंच्या द्रावणात बुडवून पानांची टोकं कापायची आणि चौदा दिवसांनी करपलेल्या भागाची लांबी पट्टीने मोजायची.

मग जनुकं

रोग खात्रीने आणता आला की जनुकांचे प्रश्न विचारता येतात. केंब्रिजला बिफेन यांनी १९०५ मध्ये दाखवलं की गव्हाचा पिवळ्या तांबेऱ्याला असलेला प्रतिकार मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत जातो. १९४० च्या दशकात नॉर्थ डकोटात फ्लोर यांनी जवसाचा आणि जवसावरच्या तांबेऱ्याचा, असे दोन्हींचे संकर केले. झाडातल्या प्रत्येक प्रतिकार जनुकाला बुरशीतलं एक जनुक जोडीला असतं, हे त्यातून कळलं. झाडाइतकीच बुरशी जपल्याशिवाय हे कळलंच नसतं.

तुम्हीही हेच करा. प्रतिकारक वाणाचा आग्रा लोकलशी संकर करा, दुसऱ्या पिढीची रोपं एका शुद्ध रेसने लागण करून मोजा. प्रतिकारक आणि बळी रोपांचं प्रमाण ३:१ आलं तर एक प्रभावी जनुक, १५:१ आलं तर दोन. मग प्रत्येक झाडाची तिसरी पिढी पेरून खात्री करा. जनुकाचा नकाशा, मार्कर (जनुकाजवळची डीएनएतली खूण), क्रमवारी सगळं यानंतर. मार्करचं काम हल्ली पैसे देऊन बाहेरून करून मिळतं, पण स्कोअर चुकला असेल तर जनुक भलत्याच गुणसूत्रावर सापडतं.

प्रतिकाराचं आतलं यंत्र समजून घ्यायला दोन पातळ्या लक्षात ठेवा. पहिली पेशीच्या पृष्ठभागावर. जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा एफएलएस २ नावाच्या ग्राहकाला (रोगकारकाची खूण ओळखणाऱ्या प्रथिनाला) ओळखता येतो, आणि काही मिनिटांतच पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायला लागते. दुसरी पातळी पेशीच्या आत. रोगकारकाने आत सोडलेली प्रथिनं तिथले ग्राहक ओळखतात. २०१९ मध्ये झॅर १ या ग्राहकाची रचना दिसली: पाच रेणू एकत्र येऊन वर्तुळ होतं आणि ते पेशीच्या पटलात घुसतं. २०२२ मध्ये गव्हातल्या एसआर ३५ या ग्राहकाचीही अशीच पाच रेणूंची रचना समोर आली. तांबेऱ्यावर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांसाठी तो मोठा आनंदाचा दिवस होता. पानावर जो अर्धविराम आम्ही इतकी वर्षं लिहीत आलो, त्याच्या मुळाशी काय घडतं ते पहिल्यांदाच गव्हात दिसलं. २०२१ च्या संशोधनातून हेही स्पष्ट झालं की या दोन पातळ्या एकमेकींना बळ देतात, सुट्या काम करत नाहीत.

प्रयोगशाळेत सुरुवातीला तीन गोष्टी हाताला बसवा. डॅब या रसायनाने पान रंगवून पेरॉक्साइड कुठे साठलं ते तपकिरी डागांवरून बघणं, ट्रायपॅन ब्लूने मेलेल्या पेशी ओळखणं, आणि पानाच्या चकत्या वाटून, पातळ करत जाऊन जिवाणूंच्या वसाहती मोजणं. शेवटचं कंटाळवाणं वाटेल, पण झाडाने जिवाणूला किती रोखलं हे आकड्यात सांगायला त्याहून भरवशाची रीत नाही.

एका जनुकावर भिस्त नको

विषय निवडताना हे डोळ्यांसमोर ठेवा. राय या धान्यातून गव्हात आलेलं एसआर ३१ हे प्रतिकार जनुक जगभरच्या वाणांत पसरलं होतं. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारी रेस सापडली, तीच यूजी ९९. नंतर केन्यात न्जोरो इथे देशोदेशीचे गहू पेरून तपासले जाऊ लागले, त्यात भारतीय वाणही होते. पंजाबात १९९५ मध्ये आलेला पीबीडब्ल्यू ३४३ हा गहू लाखो हेक्टरांवर पोचला आणि पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या रेसपुढे त्याचा प्रतिकार ढासळला. उलट उदाहरण भाताचं. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने आणि सीसीएमबीने (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राने) मिळून सांबा महसुरी या भातात करप्याविरुद्धची तीन जनुकं एकत्र आणली आणि २००८ मध्ये तो वाण दिला. त्यातलं एक्सए २१ हे मालीतल्या रानटी भातातून आलेलं. शेतकऱ्याला चव तीच, रोगाचा धोका कमी. पीएच.डी.चा विषय असा निवडावा असं मला कळकळीने वाटतं: तीन-चार वर्षांनी हातात नुसता प्रबंध नको, पैदासकाराला देता येईल अशी एखादी ओळ हवी.

शेतकऱ्याचं बोलणं टिपून ठेवा. 'औंदा तांबेरा लवकर आला' या एका वाक्यात बरंच असतं. आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं होतं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा मरतो, डोंगरांवर टिकतो आणि तिथून दरवर्षी परत येतो. काळा तांबेरा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून, नोव्हेंबरातल्या चक्रीवादळांच्या वाऱ्या-पावसाबरोबर मध्य भारतात उतरतो, हे पुढे एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. १९४६-४७ ची मध्य भारतातली साथ याच तांबेऱ्याची. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ आलं की मी आजही दक्षिणेतल्या सहकाऱ्यांना फोन करते.

परीक्षा, गाईड, परदेश

कृषी शाखेच्या मुलांनी राज्याची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आणि आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा दोन्ही द्याव्यात. पुढे एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची) नेट, आणि शास्त्रज्ञ पदासाठी एआरएस (कृषी संशोधन सेवा). वनस्पतिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान केलेल्यांना सीएसआयआर-यूजीसी नेट आणि डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) फेलोशिप. पुण्याची आघारकर संस्था, दिल्लीची एनआयपीजीआर (वनस्पती जीनोम संशोधन संस्था), हैदराबादची सीसीएमबी ही ठिकाणं बघाच. पण राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांना दुय्यम समजू नका. रोगट शेतं आणि पैदासकार तिथे हाकेच्या अंतरावर असतात.

गाईडच्या शोधनिबंधांची संख्या मोजण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा. तीन प्रश्न विचारा. रोगकारकाच्या रेस कोण सांभाळतं? शेतात स्कोअर घ्यायला सर किंवा मॅडम स्वतः येतात का? नकारात्मक निकाल आला तर बैठकीत काय होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरी प्रयोगशाळा बघा.

परदेशात जायचं असेल तर तांबेऱ्यासाठी सिडनी विद्यापीठाचं कॉबिटी केंद्र आणि मिनेसोटात सेंट पॉलची प्रयोगशाळा, ग्राहकांच्या कामासाठी नॉर्विचची सेन्सबरी प्रयोगशाळा आणि कोलोनची माक्स प्लांक संस्था. तिथून परतताना मात्र कडक शिस्त पाळा. रोगट शेतात वापरलेले कपडे आणि बूट बरोबर आणू नका. पिवळा तांबेरा १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पोचला तो कुणाच्यातरी कपड्यांवरून, असं मानलं जातं. बियाणं आणायचं असेल तर एनबीपीजीआरच्या (राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरोच्या) विलगीकरणातूनच आणा. वेळ लागतो, लागू द्या. देशातल्या देशातही जी रेस एखाद्या भागात नाही ती तिथल्या शेतात नेऊ नका.

एखाद्या प्रयोगशाळेत काम बघायला जायचं असेल तर पत्र ऑक्टोबरात लिहा, पेरणीच्या आधी. पत्रात 'मला जनुक संपादनात रस आहे' यापेक्षा तुमच्या गावातल्या एका पिकावरचा एक रोग, तो कोणत्या आठवड्यात दिसला, आधी बांधाकडे की मध्ये, कोणत्या वाणावर जास्त, हे लिहिलंत तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. भेट फेब्रुवारीत मागा, तेव्हा शेतात स्कोअर चालू असतात. येताना भिंग, पेन्सिल आणि पूर्ण बाह्यांचा धुतलेला सदरा आणा, आणि त्या दिवशी सकाळी दुसऱ्या कुठल्या तांबेऱ्याच्या शेतात पाय ठेवू नका.